पेपर्स आहेत, पण कसले?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असेलच, ज्याला कुत्रा-मांजर पाळणं एकदम 'बेसिक' वाटतं. आमच्याकडेही आहे. मध्यंतरी त्याने ग्रुपवर एक रील टाकलं. मनगटाला वेटोळं घालून बसलेलं बॉल पायथनचं पिल्लू आणि खाली ओळ, 'विथ पेपर्स, डीएम करा'. पाठोपाठ मला मेसेज, "तू जर्नालिझमवाली ना? पेपर्स आहेत म्हणजे लीगलच ना?"

मी 'हो' टाइपही केलं होतं, फक्त पाठवलं नाही. कारण पेपर्स म्हणजे नेमके कसले, हे मलाच माहीत नव्हतं. मग शोधत बसले. जे सापडलं ते तुम्हालाही सांगते, कारण उद्या हे रील तुमच्याही फीडमध्ये येणार आहे.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून असे ३० लाखांहून जास्त जिवंत साप निर्यात झाल्याची नोंद आहे. त्यातले पुष्कळसे घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून. ही नोंद ठेवली जाते ती 'साइट्स' या करारामुळे. १९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या झाल्या, १९७५ मध्ये तो लागू झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात आला. आज त्याचे १८५ सदस्य आहेत.

आपल्याला वाटतं, हा करार म्हणजे प्राण्यांच्या व्यापारावर बंदी. तसं नाही. त्यात तीन याद्या आहेत. पहिल्या यादीत वाघासारखे नामशेष होण्याच्या वाटेवरचे प्राणी. जंगलातून पकडून त्यांचा धंदा करता येत नाही. दुसऱ्या यादीतल्यांचा व्यापार चालतो, पण परवान्यावर, आणि बहुतांश प्रजाती याच यादीत आहेत. तिसऱ्या यादीत एखाद्या देशाने आपल्यापुरती मदत मागितलेल्या प्रजाती. बॉल पायथन दुसऱ्या यादीत. म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाने आधी खात्री करायची, की एवढे साप बाहेर गेले तरी जंगलातली संख्या धोक्यात येणार नाही. मगच परवाना द्यायचा. त्यावर प्राणी कुठून आला, याचंही एक अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातला, 'सी' म्हणजे बंदिस्त प्रजननातून जन्मलेला.

सगळी गोम या एका अक्षरात आहे. जंगलातून पकडलेल्या सापाच्या कागदावर 'सी' लिहिलं, की तो धुऊन स्वच्छ. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी इंडोनेशियातल्या ग्रीन पायथनच्या व्यापाराचा माग काढला. 'फार्ममध्ये जन्मलेले' म्हणून निर्यात होणाऱ्या सापांपैकी किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले निघाले. शिक्के खरे, सह्या खऱ्या, फक्त माहिती खोटी!

दुसरी अडचण म्हणजे जे यादीत नाही, त्याचा हिशोब कुणीच मागत नाही. २०२० मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ऑनलाइन व्यापारावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यापारातल्या तीन-चतुर्थांश प्रजातींना कोणताच आंतरराष्ट्रीय नियम लागू नसल्याचं दिसलं.

आणि तिसरा रस्ता बॅगेतून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडे महसूल गुप्तचर संचालनालयाला बिस्किट-केकच्या पाकिटांत ११ साप सापडले. ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. आता गंमत बघा, यातला बॉल पायथन साइट्सच्या यादीत आहे आणि कॉर्न स्नेक नाही. एकाच पाकिटात दोन कायदे.

मग भारतात काय? २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्सच्या प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची. विकला, पिल्लं झाली, मेला तरी कळवायचं. ऐकायला छान. पण त्याआधी २०२० मध्ये केंद्राने एक सवलत दिली होती. सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, प्राणी कुठून आणला त्याचे कागद मागणार नाही. सरकारलाही सुरुवात कुठून तरी करायचीच होती, हे मान्य. पण त्यामुळे आज हातात असलेल्या एखाद्या प्रमाणपत्रावर मालकाचं नाव आहे आणि जंगलाचं नाही, असं होऊ शकतं.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्याने विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारल्या. आयातीचा परवाना कुठे आहे? परिवेशवर तुमची नोंद आहे का? या पिल्लाचा जन्म कळवलात का? उत्तरादाखल साध्या कागदावरच्या बिलाचा फोटो आला. पुन्हा विचारल्यावर ब्लॉक. पायथन आला नाही. मित्र दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता.

पण मी फार शहाणी, असं समजू नका. माझ्या मामाकडे पिंजऱ्यात पोपट आहे. साधा, हिरवा, लाल चोचीचा. लहानपणी सुट्टीत मीच त्याला मिरची भरवायचे. कायदा वाचताना कळलं, की कागद नीट असतील तर परदेशी बॉल पायथन पाळता येतो, पण आपला हा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. त्याला कुठलेच पेपर्स नसतात. मामीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, घरातलाच आहे तो." रीलवाल्या विक्रेत्यापेक्षा हे वाक्य खोडणं मला जास्त जड गेलं. पिंजरा उघडून असा पोपट नुसता सोडून दिला तर तो जगेलच असं नाही, म्हणून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर बोलायचं ठरलंय. मामी अजून तयार नाही.

जगभरची ही देखरेख शेवटी कागदावर चालते. कागद तपासणारे अधिकारी मोजके आणि रील बघणारे आपण कोट्यवधी. विकत न घेताही आपण एक काम रोज करतो. 'सो क्यूट' लिहितो, शेअर करतो आणि विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळवून देतो. त्यामुळे पुढच्या वेळी 'विथ पेपर्स' दिसलं, की बोट लाइककडे नेण्याआधी एवढंच विचारा : कसले पेपर्स?