भंडारा आणि धूळ

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे कपाटातून काढून वापरण्याची हौस तरुण मुलांत पुन्हा दिसू लागली आहे. माझ्या गायनवर्गातील एक विद्यार्थी असाच कॅमेरा घेऊन निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीस हालसिद्धनाथांच्या यात्रेला गेला होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तथापि कोल्हापूरकरांची ती वाट मोडली नाही. परतल्यावर त्याने छायाचित्रे दाखविली. ढोल वाजविणाऱ्यांच्या डोक्यांवर फिकट प्रकाशाची वर्तुळे तरंगत होती, आणि प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक काळसर डाग होता. घरच्या वडीलधाऱ्यांनी वर्तुळांना नाथांची प्रभा ठरविले. मित्रांनी 'सगळेच पुसून टाक' असा सल्ला दिला. मला दोन्ही मते मान्य नाहीत.

आधी वर्तुळांविषयी. यात्रेत भंडारा उधळतात. हळदीचा एखादा कण भिंगापासून चार बोटांवर तरंगत असतो. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅशचा दिवा भिंगाला जवळजवळ खेटून बसविलेला. त्यामुळे त्याचा झोत कणावर आपटून थेट भिंगात परततो. इतक्या जवळची वस्तू रेखीव उमटत नाही, ती पसरून चकतीसारखी दिसते. लागोपाठ दोन चित्रे घेतली तर चकत्या जागा बदलतात. फ्लॅश बंद केला तर दिसेनाशा होतात. नाथांवरील श्रद्धेला असल्या साक्षीची गरज काय? कपाळी भंडारा लागला, एवढे पुरे.

काळ्या डागाची गोष्ट निराळी. तो प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो, कारण धूळ कॅमेऱ्याच्या पोटात आहे. भिंगाची नळी पुढे-मागे सरकते तेव्हा पेटीच्या भात्यासारखी हवा आत ओढली जाते, आणि हवेबरोबर धूळ. निपाणीच्या वखारीतली तंबाखूची भुकटी जशी नाकाला चुकत नाही, तशीच ही. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा पडदा करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. त्यावर बसलेला कण चित्रात केवढा दिसेल, याची कल्पना करावी. भिंग पूर्ण पुढे काढून निरभ्र आकाशाची दोन-तीन चित्रे घ्यावीत. डाग हलला नाही तर निदान पक्के. मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग काढून आतली धूळ झाडता येते. याचे तसे नाही. जाणत्या कारागिराकडून तो उघडूनच घ्यावा लागतो. तोंडाने फुंकर मात्र घालू नये. ती आत पोचत नाही, आणि भिंगावर ओलावा तेवढा सोडते.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच, की यंत्रातली धूळ पुसावी, यात्रेतली राखावी. कोपऱ्यातला डाग आप्पाचीवाडीस नव्हताच, भंडारा होता.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. 1949 साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, त्यापूर्वी ऐन विशीत माझे वडील दरबारी सनई वाजवीत. पुढेही ढोल-कैताळांचा गजर ऐकावयास ते दरवर्षी आप्पाचीवाडीस जात. 2008 साली ते अखेरचे गेले, तेव्हा मी बरोबर होतो. रात्री असल्याच एका छोट्या कॅमेऱ्याने मी त्यांचे छायाचित्र घेतले. त्यातही चकत्या उमटल्या. मला त्या खटकल्या, म्हणून एका दुकानात चित्र साफ करावयास दिले. दुकानदाराने हौसेने सारेच साफ केले. चकत्या गेल्या, कपाळावरचा भंडारा गेला, आणि त्यांच्या वरच्या ओठावर साठ वर्षांच्या सनईने पडलेला वणही गेला. त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. तो वण काय आहे हे त्याला कोठून ठाऊक असणार? मूळ चित्र मी राखले नव्हते. पुढच्या वर्षी वडील गेले. भिंतीवरच्या तसबिरीत आज एक गुळगुळीत गृहस्थ बसले आहेत. ओळखीचे वाटतात, एवढेच.

मैफलीला बसण्याआधी तंबोरा जुळवितात, तसे यात्रेस निघण्याआधी कॅमेऱ्याकडे पाहावे. भंडारा उधळत असता तो पिशवीत ठेवावा, फ्लॅश शक्यतो बंद करावा. आणि काही पुसावयाचेच असेल तर नकलेवर पुसावे. मूळ चित्राला हात लावू नये.

त्या विद्यार्थ्याने माझे ऐकले. एका नकलेवरचा कोपऱ्यातला डाग तेवढा त्याने काढला आहे. ढोलवाल्यांच्या डोक्यावरचा भंडारा तसाच आहे.