पाटीवरचा ‘शुद्ध’ पुसा

बोईसर-तारापूर पट्ट्यात नवी हॉटेले उघडण्याची चढाओढ लागली आहे. एमआयडीसीतला पगारदार वाढला, २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. सहकुटुंब बाहेर जेवायला जाणारा वर्ग तयार झाला आणि त्यात आमच्या वस्तीतली पोरेही आहेत. पहिल्या पगारावर आईला खुर्चीत बसवून तिच्या हातात मेन्यूकार्ड देणारा पोरगा पाहिला की आम्हाला बरे वाटते.

हे आपोआप घडलेले नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असा नाव घेऊन उल्लेख आहे. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा तर आणखी खाली उतरला. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने वापरू न देणे हा त्याने गुन्हा ठरवला. देशाच्या कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागली, म्हणजे त्या कपबशीवरून किती अपमान झाले असतील ते समजा.

अशाच एका नव्या हॉटेलात आम्ही चौघे कार्यकर्ते गेलो होतो. रंगीत खुर्च्या, पिझ्झा, पास्ता, पनीर. जेवण चांगले होते, भावही परवडणारे. पण दारावर ठळक अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’. काउंटरवर विचारले, “शाकाहारी समजलं, शुद्ध कशाला?” उत्तर आले, “साहेब, कस्टमरला विश्वास वाटतो.”

कसला विश्वास?

शाकाहारी हॉटेल चालवणे हा मालकाचा हक्क आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. वस्तीत माळकरी आहेत, उपोसथाला मांस न खाणारेही आहेत. आमचा आक्षेप त्या आधीच्या शब्दाला आहे. कोणी म्हणेल, शुद्ध म्हणजे भेसळ नसलेले. मग मासळीच्या खानावळीवर ‘शुद्ध मांसाहारी’ अशी पाटी का दिसत नाही? तिथले मासे काय भेसळीचे असतात? हा शब्द तेलातुपाबद्दल बोलत नाही. शेजारच्या ताटात काय वाढले आहे आणि त्या ताटावर कोण बसले आहे, त्याबद्दल बोलतो.

या शब्दाचा इतिहास आम्हाला पाठ आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून मंत्र म्हटले. त्या उद्योगाचे नाव ‘शुद्धीकरण’ होते. जनावरे त्या तळ्यावर रोज पाणी पीत, तेव्हा कोणाला शुद्धीकरण सुचले नव्हते.

गंमत म्हणजे या हॉटेलाच्या नावात ‘रेस्टॉरंट’ हा फ्रेंच शब्दही आहे. पॅरिसमध्ये तो आधी पदार्थाचे नाव होता, अंगात ताकद आणणाऱ्या सुपाचे. ते मांस उकळून करत. मालकाला हे सांगितले असते तर पाटी दुसऱ्या दिवशीच बदलली असती!

आणि प्रश्न फक्त मांसमच्छीचा असता तरी समजून घेतले असते. पालघरला लागून सातपाटी बंदर आहे, तिथला सुका बोंबील या मेन्यूत येणार नाही हे उघड आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या नागलीच्या भाकरीत मांस कुठून आले? पावसाच्या तोंडावर आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या विकायला बसतात, ती तर भाजीच आहे. तीही मेन्यूत नाही. इटलीचा पास्ता मात्र ‘शुद्ध’ होऊन बोईसरच्या टेबलावर पोचला.

अन्नाची ओळख पटायला पाकिटावर हिरवी खूण असतेच, पाटीवर ‘शाकाहारी’ एवढे लिहिले तरी गिऱ्हाईकाला सगळे कळते. बोईसर-पालघरच्या हॉटेलमालकांकडे आम्ही हीच मागणी घेऊन जाणार आहोत. ‘शाकाहारी’ राहू द्या, ‘शुद्ध’ पुसा. पेंटरचे पैसे हवे असतील तर वस्तीतून वर्गणी काढून देऊ, पावतीसकट.