वेबसाइटचे ‘एसईओ ऑडिट’ : टूल महागडे नको, नेमके हवे

सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा आणि साताऱ्यातील महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र ग्राहकाने गुगलवर शोध घेतल्यावर स्थानिक व्यापाऱ्याची वा हॉटेलचालकाची वेबसाइट दिसलीच नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाते किंवा बुकिंग पोर्टलचे कमिशन कापून हाती येते. त्यामुळे अनेक जण ‘एसईओ ऑडिट’कडे वळतात. त्यासाठी टूल कोणते घ्यावे?

ऑडिटमध्ये काय तपासतात?

तीन गोष्टी. वेबसाइटची पाने गुगलच्या नोंदीत आहेत का, मोबाइलवर ती लवकर उघडतात का आणि ग्राहक जे शब्द टाइप करतो त्यांचे उत्तर पानावर आहे का. या तिन्हींसाठी टूल वेगवेगळे आहे.

सुरुवात कुठून करावी?

गुगल सर्च कन्सोलपासून. ते मोफत आहे आणि माहिती थेट गुगलची आहे. कोणते पान नोंदीत नाही व का नाही, हे ते सांगते. लोकांनी कोणते शब्द टाकले, ‘हळद’ देवनागरीत लिहिले की रोमन लिपीत, हेही त्यात दिसते. मागील १६ महिन्यांची आकडेवारी मिळत असल्याने यंदाच्या हंगामाची गेल्या हंगामाशी तुलना करता येते.

वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स हे गुगलचेच मोफत टूल आहे. पानावरचा मुख्य मजकूर वा फोटो २.५ सेकंदांत दिसावा, हा त्याचा निकष. वेबसाइटला भेटी कमी असतील, तर प्रत्यक्ष वापरकर्त्यांची आकडेवारी मिळत नाही, फक्त चाचणीचा निकाल दिसतो. तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

तुटलेल्या लिंक, एकसारखी शीर्षके शोधायला ‘स्क्रीमिंग फ्रॉग’ उपयोगी पडते. त्याच्या मोफत आवृत्तीत ५०० यूआरएलपर्यंत तपासणी होते. चाळीस-पन्नास पानांच्या दुकानाला ती सहसा पुरते.

पैसे कधी मोजावेत?

प्रतिस्पर्ध्यांच्या लिंक पाहायच्या असतील, शेकडो शब्दांवरील क्रमांक रोज तपासायचे असतील किंवा वेबसाइट हजारो पानांची असेल, तर एचरेफ्स, सेमरशसारखी सशुल्क टूल घेण्यात अर्थ आहे. एरवी महिन्याचे शुल्क वाया जाते.

फसगत कुठे होते?

‘तुमचा स्कोअर शंभरपैकी ४२’ असा लाल रंगातला अहवाल दाखवून काम मिळवले जाते. हा स्कोअर त्या टूल कंपनीने ठरवलेला असतो. गुगल त्यावर क्रमवारी लावत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच स्पष्ट केले आहे. अहवाल देणाऱ्याला एवढेच विचारावे : यातील कोणती चूक दुरुस्त केली, तर कोणत्या पानाला फायदा होईल? उत्तर मिळाले नाही, तर तो अहवाल निरुपयोगी समजावा.

आणखी एक खबरदारी. सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवावी आणि एजन्सीला केवळ वापरकर्ता म्हणून जोडावे. अन्यथा एजन्सी बदलताना आपलीच आकडेवारी पाहण्यासाठी धावाधाव करावी लागते.

टूल फक्त दोष दाखवते. हळदीची प्रत, पॅकिंग, भाव आणि पोहोचवण्याचा खर्च पानावर स्पष्ट लिहिण्याचे काम व्यापाऱ्यालाच करावे लागते. ऑडिटवर खर्च करण्याआधी तेवढे करून पाहावे.