भाकरीसाठी बाटले म्हणे!



मागच्या बैठकीत एक पोरगा उठला. नगर जिल्ह्यातला, शेवगावकडचा. घर ख्रिस्ती, मूळ जात महार. ‘मी तुमच्यात येऊ का,’ एवढंच त्यानं विचारलं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘तुमचे पणजोबा भाकरीसाठी बाटले, आता तुम्ही सवलतीसाठी परत येताय का?’ सगळे हसले. पोरगा खाली बसला. चहा न घेताच गेला, पुन्हा फिरकला नाही.

तेव्हा आम्हीही गप्प बसलो. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

‘भाकरीसाठी बाटले’ ही शिवी आपली नव्हे. ती वाड्यावरून आलीय. ज्याच्या कणगीत दाणे होते त्यानं ती रचली आणि आपण ती फुकटात उचलून आपल्याच भावाला हाणली. १९५६ नंतर आपल्याला ‘नवबौद्ध’ म्हणताना ज्यांच्या ओठाचा कोपरा वाकडा व्हायचा, त्यांचीच ही भाषा.

आता भाकरीचंच बोलू. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. पुणे, नगर, सोलापूर, सगळा पठारी मुलूख करपला. त्याच्या आदल्या वर्षी, १८७५ साली, पारनेर-श्रीगोंद्याच्या बाजूला कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली. ते दंगे इतिहासात गेले, त्यावर कमिशन बसलं. महारा-मांगांचं काय? कुणब्याकडे गहाण टाकायला जमीन होती, म्हणून सावकार त्याला निदान दारात उभा तरी करत होता. महाराचं पोट बलुत्यावर. वर्षभर गावाची चाकरी करायची, वर्दी द्यायची, साऱ्यासाठी माणसं बोलवून आणायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची खबर गावोगाव पोचवायची. आणि सुगीला खळ्यावर जाऊन वाटा मागायचा. पीक आलं तर वाटा. पीक गेलं तर वाटा कशाचा? चाकरी मात्र सुटत नाही. पाऊस दगा देतो तो सगळ्यांनाच. पण कुणाची चूल आधी विझायची हे गावगाड्यानं अगोदरच ठरवून ठेवलेलं असतं.

त्या वर्षांत आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतली माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकन मराठी मिशनकडे गेली. धान्य मिळत होतं म्हणून गेली? गेली असतील. मग? उपाशी माणसानं भाकर देणाऱ्याच्या देवाकडे मान वर करून बघितलं, यात लाजायचं कुणी? ज्याच्या देवळाच्या पायरीला हात लावायचीही बंदी होती, त्यानं की पायरीबाहेरच्यानं?

शिवाय बाटायला आधी धर्म असावा लागतो. तो होता का? हा सवाल दुष्काळाच्या वीस वर्षं आधी एका मांगाच्या पोरीनं टाकलाय. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली, चौदा वर्षांची. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’नं १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत छापला. हे ‘ज्ञानोदय’ याच मिशननं १८४२ साली नगरातच काढलेलं. (जोतीरावांनीही आधी नगरची मिस फॅरारची मुलींची शाळा पाहिली, मग पुण्यात आपली काढली. नगरचं नाव नुसतं किल्ल्यासाठी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) मुक्ता सरळ हिशेब मांडते: वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते नुसते बघायचीही मनाई, मग आम्ही कोणत्या धर्माचे? जाब ती थेट देवाला विचारते. आणि त्याच निबंधात, त्याच दमात, डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल सांगते. धर्म एका पानावर आणि उपासमार दुसऱ्या पानावर अशी वाटणी तिला जमली नाही. तिच्या वस्तीत त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

वेगळ्या केल्या त्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ब्राह्मण, कवी, आयुष्याची पुष्कळ वर्षं नगरात काढली. त्यांच्या धर्मांतराला आमचे प्राध्यापक काय म्हणतात? सत्याचा शोध, आत्म्याची तळमळ. होतीच ती, आम्ही नाकारत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ही आम्ही वाचलीत आणि तुम्हीही वाचा. सोवळं सुटताना जिवाची झालेली ओढाताण या बाईनं झाकली नाही, स्वतःलाच हसत सांगून टाकली. पण त्याच नगरात, त्याच मिशनच्या बाकावर शेजारी बसलेला महार? त्याला शोध नाही, तळमळ नाही. त्याला फक्त पोट. ब्राह्मणाला आत्मा, महाराला पोट! वाटणी इथंही खळ्यावरचीच. दक्षिणा, इनामं, देवस्थानच्या जमिनी यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या श्रद्धेला मात्र ‘भाकरीची श्रद्धा’ असं कुणी म्हटल्याचं आमच्या वाचनात नाही.

बाबासाहेबांनी ही वाटणी मानली नाही. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या परिषदेत धर्मांतराचा विचार मांडताना त्यांनी तात्त्विक बाजू घेतली आणि ऐहिकही घेतली. गावात मार खाणाऱ्या माणसानं बळ कुठून आणायचं, हा सवाल त्यांना हलका वाटला नाही. आपल्याला का वाटतो?

मिशनची आरती ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली गेली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या सोयरिकी किती झाल्या, मोजा. मोजून झाल्यावर तोच हिशेब आपल्या विहारातही मांडा.

आणि सवलतींचं म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात ही हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आत घेतले. बौद्धांना १९९० उजाडावं लागलं. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे धर्म बदलला म्हणून केंद्राच्या दारात आपणही चौतीस वर्षं उन्हात उभे होतो. त्या बैठकीत हसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक होतं?

अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हा आपल्यातलेच बरेच जण चिडले होते. मेलेल्या ढोराचं मटण, कावाखान्यातलं जिणं चव्हाट्यावर कशाला मांडलं म्हणून. भुकेची लाज ही अशी आतून कुरतडते. भूक लपवून चळवळीचा इतिहास लिहिता येतो. सभेत वाचायला तो बराही वाटतो. पण त्यात आपल्या आज्या कुठं दिसत नाहीत.

तसा हा जिल्हा ज्ञानेश्वरीचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात साऱ्या विश्वाच्या भल्याचं मागणं मागितलं गेलं. त्याच नेवासे तालुक्यात, सोनईला, १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातल्या तीन सफाई कामगारांना ठार मारलं. कारण एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. २०१८ मध्ये नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला शाळेत जाणारं सतरा वर्षांचं पोरगं मारलं. तिथं साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. २०२४ साली जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्याबाईंचं ठेवलं. त्यांचं चौंडीही जामखेड तालुक्यातच. मारणाऱ्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, तू विहारात जातोस, देवळात की चर्चमध्ये.

नगरकडच्या वाचकांनो, घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर तिच्याजवळ बसा. तिच्या आजीनं तिला काय सांगितलं ते विचारा. चर्चमध्ये पहिलं कोण गेलं, तेव्हा घरात काय शिजत होतं, शाळेत कुणाला घातलं, नाव कुणी बदललं आणि कुणी नाही. कडू निघालं तरी तसंच लिहा. शुद्धलेखनाची फिकीर करू नका, ते आम्ही बघू, किंवा बघणारही नाही. ख्रिस्ती, बौद्ध, मातंग, मेहतर, कुणीही लिहा. पुढच्या अंकाची सोळा पानं त्यासाठी मोकळी ठेवलीत.

पहिला मजकूर त्या शेवगावच्या पोराकडून मागवलाय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.