गवताला अधिकारी नाही

तमिळनाडूच्या महसुली दप्तरात गावच्या गायरानाला ‘मेय्क्काल पुरंबोक्कु’ म्हणतात. मेय्क्काल म्हणजे चराई. पुरंबोक्कु म्हणजे सारा-आकारणीच्या बाहेर ठेवलेली जमीन. दोन शब्दांपैकी दुसरा शब्द पहिल्याला कसा गिळतो, हे पाहायचे असेल तर तंजावूर भागातील कोणत्याही खेड्याची मूळ नोंदवही उघडावी आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन उभे राहावे. नोंदवहीत चराई असते, जागेवर काहीही असू शकते. आणि तमिळ बोलीत ‘पोरंबोक्कु’ ही आज शिवी आहे. कुणाच्या उपयोगी न पडणाऱ्या, वाया गेलेल्या माणसाला ती देतात. महसूल खात्याच्या परिभाषेतून निघालेला शब्द शिवी व्हावा, याची लाज खात्यातल्या आम्हा मंडळींना वाटायला हवी होती. ती वाटत नाही, म्हणून हा लेख.

ज्याने सारा भरला नाही ती जमीन निरुपयोगी, ही समजूत या मातीत उपजलेली नाही. चोळांच्या ताम्रपटांत गाव दान देताना तळी, पाट, रानवाटा यांच्याबरोबर वासरांच्या चराईच्या मोकळ्या जागेचाही नामनिर्देश असे. तंजावूरच्या बृहदीश्वराच्या शिलालेखांत तर गणितच आहे: एका नंदादीपासाठी 96 मेंढ्या किंवा 48 गाई गवळ्यांच्या हवाली करायच्या आणि त्यांनी रोज ठरलेल्या मापाचे तूप देवळात पोचवायचे. ज्या गवळ्यांनी ही जोखीम घेतली त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारभाऱ्याला एवढे नक्की समजत होते की देवळातला दिवा शेवटी गवतावर जळतो.

आपल्या भोसल्यांच्या राजवटीनंतर, 1855 नंतर, उरलेसुरले संस्थानही इंग्रजांकडे गेले. (प्रत्यक्ष कारभार 1799 च्या तहानेच गेला होता.) दप्तराची भाषा मात्र विलक्षण चिवट निघाली. येथे आजही फसली साल चालते, आजही दरवर्षी ‘जमाबंदी’ भरते, आणि तो शब्द ऐकून परमुलखातल्या मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते. पण त्या जमाबंदीत तपासले जाते ते पीक, सारा, पट्टा आणि अतिक्रमण. गवत तपासले जात नाही. जनावरासंबंधी सरकारची जुनी आस्था पाहायची असेल तर ती 1871 च्या कोंडवाड्याच्या कायद्यात पाहावी. शेतात शिरलेल्या गुरास अटक कशी करावी, खुराकीचा खर्च कुणाकडून वसूल करावा, हे सारे त्यात नीट सांगितले आहे. त्याने चरावे कुठे, हा प्रश्न कायदा करणाऱ्याला पडला नाही.

आजची स्थिती पाहा. जमीन ग्राम प्रशासन अधिकाऱ्याच्या नोंदवहीत, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याच्या. जनावर पशुवैद्यकाच्या दवाखान्यात. वेडी बाभूळ माजली तर ती कुणाची, यावर पत्रव्यवहार. 2019 च्या पशुगणनेत देशात 19 कोटींहून अधिक गोवंश मोजला गेला. तो एकेक मोजणारे आम्ही, त्याच्या पोटात जाणारे गवत किती उगवते हे मोजणारा एकही अधिकारी तालुक्याला ठेवू शकलो नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हे नवल वाटेल, कारण तेथे नेमके हेच काम करणारा पगारी सरकारी माणूस आहे. 1934 च्या टेलर चराई कायद्यानंतर तेथील सार्वजनिक कुरणांवर परवाना पद्धत आली. केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याच्या 15 कोटी एकरांहून अधिक जमिनीवर आज चराई चालते. कुरणतज्ज्ञ आधी गवत मोजतो, मग त्यावर किती गुरे किती महिने सोडायची हे ठरवतो. एक गाय व तिचे वासरू महिनाभर जेवढे खाईल तेवढा चारा, हे त्यांचे एकक, आणि त्या एककाला 2024 मध्ये 1.35 डॉलर शुल्क होते. तेथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. नेवाडातील एका पशुपालकाने 1993 पासून शुल्क थकवले आणि 2014 साली गुरे जप्त करायला गेलेल्या सरकारी माणसांसमोर बंदूकधारी समर्थक उभे राहिले. पण भांडण तरी गवतावरून झाले. आमच्याकडे भांडण होते ते ‘रिकाम्या जागे’वरून, आणि त्यात गवताचे नावही निघत नाही.

ती पद्धत जशीच्या तशी कावेरीच्या मुखाशी आणून लावावी, असे मी म्हणणार नाही. येथे कुरण म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेले माळरान नव्हे. सांबा भाताची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकते, मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटते. या दोहोंमधल्या महिन्यांत, जेथे उडीद-मूग पेरलेला नाही तेथे, सबंध शिवार हेच कुरण असते. रामनाथपुरम, शिवगंगा भागांतले मेंढपाळ तेव्हा कळप घेऊन येतात आणि रात्री ते शेतकऱ्याच्या रानात बसवतात. याला तमिळमध्ये ‘किडै’ म्हणतात. आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरून भातखाचरांत मेंढ्या बसवतात, तोच हा व्यवहार. शेताला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. पण दिवसा हा कळप चरणार कुठे, पाणी कुठे पिणार, वाटेने जाताना थांबणार कुठे? बांध, तळ्याचे काठ, कालव्याच्या कडा आणि मेय्क्काल, या ‘पुरंबोक्कु’ तुकड्यांवरच. तुकडा दोन-तीन एकरांचा असला तरी तो गेला की मेंढपाळाची वाट तुटते, आणि वाट तुटली की शंभर शेतांचे खत जाते. हा हिशेब कोणत्याही रकान्यात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला खरा, परंतु तो वनजमिनीपुरता. भाताच्या या सपाटीवर त्याचा काय उपयोग?

उंबळाच्चेरी गुरांचेही असेच. चिखलात नांगर ओढण्यासाठी जोपासलेली, शिंगे खच्ची केलेली ही काटक जात जुन्या तंजावूर जिल्ह्याची, म्हणजे आजच्या तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टिणम पट्ट्याची. ट्रॅक्टरने तिचे काम काढून घेतले हे सगळे सांगतात. पायाखालचे गवत कुणी काढून घेतले, हे सांगताना आमची जीभ अडखळते. कोरुक्कैच्या सरकारी फार्मवर ती जतन केली जाते. म्हणजे जनावर सरकारी दावणीला, आणि त्याचे गायरान सरकारी इमारतीला.

यावर माझे सहकारी एक आक्षेप घेतात आणि तो बिनतोड वाटतो: गायराने राखायची तर भूमिहीनांना हुसकावायचे का? महाराष्ट्रात हा प्रश्न फार जुना आहे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, मराठवाड्यातील दलित कुटुंबांनी गायरानाचे खडक फोडून शेते केली, आणि 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. ते योग्यच होते. सर्वोच्च न्यायालयानेही 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात गावजमिनी मोकळ्या करा असे बजावताना भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती आणि शाळा-दवाखाने यांचा अपवाद ठेवला. व्यवहारात मात्र तो निकाल हातात घेऊन आम्ही निघालो की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो, आणि मोठ्यांच्या कुंपणापाशी मोजणीची फेरतपासणी निघते. शिवाय शेळीमागे फिरणारी बाई भूमिहीनच असते. तिचे कुरण आणि दुसऱ्या भूमिहीनाचे घर यांची झुंज लावून देणे आणि उरलेला मोठा तुकडा ‘लँड बँके’त टाकणे, ही आमची जुनी युक्ती आहे. महाराष्ट्राने महसूल संहितेत 22-अ कलम घालून गायरानाच्या अन्य वापराला आळा घातला, आणि सार्वजनिक प्रयोजनाच्या फटीतून आता त्याच गायरानांवर सौर पॅनेल उभी राहत आहेत. वीज हवी, यात वाद नाही. पण पॅनेल बसवण्यापूर्वी तेथे किती जनावरे चरत होती, हे किती प्रस्तावांत लिहिलेले असते?

म्हणून मागणी मोठी नाही. नवे खाते नको, महामंडळ तर नकोच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात एक माणूस गवतासाठी नेमावा आणि जमाबंदीच्या तपासणीत तीन प्रश्न वाढवावेत: मेय्क्काल जागेवर किती उरले, त्यावर कुणाची किती जनावरे कोणत्या महिन्यांत चरतात, आणि बाहेरून येणारे कळप कोणत्या वाटेने येतात. उत्तरे मेंढपाळांना आणि शेळ्या राखणाऱ्या बायांना विचारून लिहावीत, कचेरीत बसून नव्हे. जमीन वळती करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला या उताऱ्याची प्रत जोडणे सक्तीचे करावे. पाहणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच व्हावी. जमाबंदी भरते तोवर पाणी सुटण्याचे दिवस आलेले असतात, कळप परतीला लागलेले असतात, आणि तेव्हा जागेवर गेलेल्या अधिकाऱ्याला येथे कुणीच चारत नाही असे प्रामाणिकपणे लिहिता येते.