एकवीस आकड्याचे शास्त्र

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील नेत्रशिबिरांचा विषय निघाला की एक सद्गृहस्थ, ज्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, मोठ्या अधिकारवाणीने असे प्रतिपादन करतात की, काचबिंदू म्हणजे डोळ्यातील वाढलेला दाब. तो मोजावा, एकवीस मिलिमीटर पाऱ्याच्या वर भरला तर थेंब द्यावेत, आत भरला तर माणसाला घरी धाडावे. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या निरखीत बसणे ही नागपूर-मुंबईची चैन असून भामरागड-एटापल्लीच्या रुग्णास तिचा काडीमात्र उपयोग नाही. हा पक्ष सुटसुटीत आहे, आणि हुकूम काढणारांस सुटसुटीत गोष्टी प्रिय असतात. परंतु तो खोटा आहे, आणि त्याची किंमत गरिबाच्या दृष्टीने चुकती होते.

हा एकवीसचा आकडा आला कोठून, याची चौकशी या गृहस्थांनी केलेली दिसत नाही. १९५८ साली लायडहेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत सुमारे दहा हजार निरोगी माणसांचा नेत्रदाब मोजला. सरासरी साडेपंधराच्या आसपास आली, तीत प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवली, आणि निघाली ती मर्यादा रूढ झाली. ती गणिताची मर्यादा आहे, रोगाची नव्हे. गडचिरोलीपासून फार दूर नसलेल्या नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर भागातल्या आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तिशीपुढील ४७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले गेले, तेव्हा सरासरी नेत्रदाब चौदाच्याही आतच भरला. ज्या शेतकऱ्याचा दाब जन्मभर बारा होता त्याचा तो एकोणीस झाला, तर आमचे गृहस्थ त्याला निरोगीपणाचा दाखला देऊन मोकळे होतील! जपानातील ताजिमी येथील पाहणीत तर खुल्या कोनाच्या काचबिंदूचे दहापैकी नऊ रुग्ण एकवीसच्या आतलेच निघाले.

मग रोग ओळखावयाचा कशावरून? दृष्टिमज्जातंतू डोळ्यातून जेथे बाहेर पडतो त्या चकतीकडे पाहून, आणि तिच्यावरून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची साक्ष घेऊन. चकतीतला खळगा खोल होऊ लागला की मोठ्या वाहिन्या नाकाच्या बाजूस सरकतात. एखादी वाहिनी काठाशी एकदम वाकून दिसेनाशी होते आणि तळाशी पुन्हा प्रकट होते. कडेला टेकून असलेली बारीक वाहिनी, कड झिजल्यामुळे, उघडी पडते. रोहिण्या अरुंद होतात, चकतीभोवतालच्या केशवाहिन्यांचे जाळे विरळ होते. आणि कधी चकतीच्या काठावर, बहुधा खालच्या बाहेरील अंगास, कुसळाएवढा रक्तस्राव दिसतो, जो काही आठवड्यांनी मागमूस न ठेवता नाहीसा होतो. डेन्मार्कच्या बियेरुम यांनी १८८९ मध्येच त्याची नोंद केली होती. ज्या डोळ्यात तो दिसला त्याची झीज पुढे वाढण्याचा संभव अधिक, हे आता सिद्ध आहे. तो नजरेतून निसटतोही सहज: अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात छायाचित्रांवर सापडलेल्या अशा रक्तस्रावांपैकी दहातले आठ प्रत्यक्ष तपासणीत तज्ज्ञांच्याही दृष्टीस पडले नव्हते. जे तज्ज्ञांच्या नजरेतूनही सुटते ते पाहूच नये, असे म्हणणाऱ्यास काय म्हणावे?

यावर त्या सद्गृहस्थांचा जबाब तयार असतो: वाहिन्यांतील बदल हे कारण नव्हे, परिणाम आहेत. हा वाद १८५८ इतका जुना आहे. त्या वर्षी म्युलर यांनी दाबाचा आणि येगर यांनी रक्तपुरवठ्याचा पक्ष मांडला, आणि निकाल आजही पुरता लागलेला नाही. पण कारण असो वा परिणाम, खूण ती खूणच. शिवाय मज्जातंतूचे पोषण रक्तदाब आणि नेत्रदाब यांच्या वजाबाकीवर अवलंबून असते. ज्यांनी पूर्व विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलाव पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, तलावातले पाणी मोजल्याने शेवटच्या बांधीतला धान वाचत नाही. पाट वाहतो की तुंबला, हेही पाहावे लागते.

चैनीचा, म्हणजे खर्चाचा, आक्षेपही निरर्थक आहे. डोळ्याचा पडदा पाहण्याचा ऑफ्थॅल्मोस्कोप खिशात मावतो.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर एक जुने भांडण आठवते. याच वृत्तीच्या लोकांनी पूर्वी म्हटले होते की, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकारावर उपाय नाही, मग आश्रमशाळेतील मुलांचे रक्त तपासून काय साधणार? आता हेच पाहा. बांबू तोडताना डोळ्याला मार लागून पुढच्या कप्प्यात रक्त साचले, आणि तो मनुष्य सिकलसेलचा केवळ वाहक असला, तरी विळ्याच्या आकाराच्या ताठर रक्तपेशी डोळ्यातील द्रवाची बाहेर पडण्याची वाट अडवतात. आणि इतरांना जो दाब काही दिवस सोसतो तेवढ्यानेच त्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दाब उतरवण्यास सर्रास दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी रक्त आम्लधर्मी करून पेशींचे विळे वाढवू शकते. रक्त न तपासता ती देणार काय? गडचिरोलीत तरी रक्ताला विसरून नेत्रदाबाचा विचार होऊ शकत नाही.

एक गोष्ट मला कबूल आहे: आज हाती असलेला उपचार दाब उतरवण्याचाच आहे. ‘सामान्य’ दाबाच्या काचबिंदूतही दाब तीस टक्क्यांनी उतरवला तर झीज मंदावते, हे १९९८ मध्ये दिसून आले. परंतु यावरून त्या सद्गृहस्थांचाच पक्ष कोसळतो, कारण ज्याला हा उपचार हवा तो एकवीसच्या आत लपलेला रुग्ण चकती पाहिल्यावाचून सापडणारच नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. शिबिरात बॅटरीने डोळ्याचा पुढचा कप्पा पुरेसा खोल असल्याची खात्री करून बाहुली मोठी करावी, चकती पाहावी, शक्य तेथे तिचे छायाचित्र घेऊन तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि केसपेपरवर रक्तदाब व सिकलसेल यांची नोंद करण्याचा शिरस्ता पाडावा. आणि वाचकहो, तुमचे वय चाळिशीपुढे असेल, किंवा घरातील कोणाची दृष्टी काचबिंदूने गेली असेल, तर पुढच्या शिबिरात दाबाचा आकडा ऐकून उठू नका. सिकलसेल तपासणीचे कार्ड असेल तर ते दाखवा, आणि डोळ्याच्या मागचा पडदा पाहण्याचा आग्रह धरा.