जुगाड नव्हे, हिशेब!

गेल्या महिन्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिरजेच्या भाच्यानं एक फोटो टाकला. गुडघ्याएवढ्या उंचीचा काळा लाकडी डबा, पुढं लोखंडी जाळी, जाळीमागं दहा इंची स्पीकर. बेस गिटारच्या रियाजासाठी त्यानं घरीच बनवलेलं स्पीकर कॅबिनेट. पाच मिनिटांत अंगठे आणि टाळ्या सुरू झाल्या. दुबईच्या चुलतभावानं लिहिलं, 'क्या जुगाड करा रे!' मग तो शब्दच धावत सुटला. 'जुगाडू इंजिनिअर', 'अपना जुगाड किंग'. भाच्यानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि गप्प बसला.

रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, अर्धी वही भरली हिशेबानं. आणि ह्यांना जुगाड दिसतोय."

तो रागावला नव्हता, दुखावला होता. मला मात्र राग आला. कौतुक करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मान्य. पण काही कौतुकं अशी असतात की ती माणसाच्या हातातलं काम काढून घेतात आणि त्या जागी बक्षीस म्हणून एक हसू ठेवतात. 'जुगाड' हे तसलं कौतुक आहे.

आधी शब्दाला न्याय देऊ. रात्री अकराला पंपाचा पट्टा तुटला आणि कुणी सायकलची ट्यूब कापून तो सकाळपर्यंत चालवला, तर तो जुगाड. अडचणीतली हुशारी. तिच्याविषयी मला आदर आहे. पण जुगाडाची खूण ही की काम का चाललं, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि दुसऱ्यांदा तसंच चालेल याची खात्री नसते. भाच्याच्या डब्याला हे लागू होतं का, ते आता बघू.

मुळात डबा लागतोच कशाला? स्पीकरचा कागदी पडदा पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलट. बेस गिटारची सर्वांत जाड तार, चार तारांच्या गिटारवरची 'ई', सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भागाकार केला तर या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब निघते. एवढ्या लांब लाटेला दहा इंची स्पीकरची कड म्हणजे काहीच अडथळा नाही. मागची लाट वळसा घालून पुढं येते आणि पुढचीला खाऊन टाकते. स्पीकर नुसता टेबलावर ठेवून वाजवा, बेस गिटार डासासारखी गुणगुणते. मागची लाट कोंडून ठेवणं, हे डब्याचं पहिलं काम.

पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. डबा लहान झाला तर स्प्रिंग ताठ होते आणि एका ठरावीक पट्टीत आवाज फुगतो. मग कोणताही सूर वाजवा, ऐकू येतो एकच 'बूम'. डबा फार मोठा झाला तर पडद्याला आवर राहत नाही. म्हणजे किती हवा कोंडायची, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अंदाजानं मिळत नाही.

भाचा स्पीकर घ्यायला गेला आणि त्यानं दुकानदाराला स्पीकरची तांत्रिक मापं विचारली. उत्तर मिळालं, "हजार वॉट आहे, बिनधास्त घेऊन जा." आपल्याकडं स्पीकर असाच विकला जातो, बैलाच्या ताकदीसारखा. वास्तविक वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. घरातल्या रियाजाला चार-पाच वॉटही पुरतात. ज्या मापांवर डबा ठरतो, ती मापं मात्र पेटीवर छापलेली नव्हती.

मग त्यानं ती स्वतः काढली. एक रेझिस्टर, एक मल्टिमीटर आणि मोबाइलवर सूर काढणारं अ‍ॅप. सूर हळूहळू बदलत गेलं की एका ठिकाणी स्पीकरवरचा व्होल्टेज सर्वांत वर चढतो. तो पडद्याच्या स्वाभाविक झोक्याचा आकडा. इथं तो ४५ निघाला. मग सराफाच्या काट्यावर तोलून आणलेली २० ग्रॅम माती पडद्यावर गोलाकार चिकटवली. झोका ३६ वर आला. वजन वाढल्यावर झोका किती मंदावला, यावरून पडद्याचं स्वतःचं वजन कळतं, साधारण ३६ ग्रॅम. त्यावरून पडद्याची लवचीकता, आणि तेवढीच लवचीक हवा किती लिटर, हे निघतं. ती आली ५८ लिटर. तिसरा आकडा पडदा किती चटकन आवरला जातो त्याचा. तो आला ०.४३.

आता शाळेतलं गणित. बंद डब्यात आवाज कुठं न फुगता सपाट हवा असेल तर त्या तिसऱ्या आकड्याचं लक्ष्य ०.७०७ धरतात. ०.७०७ ला ०.४३ नं भागा. उत्तराचा वर्ग करा. त्यातून एक वजा करा. जे उरेल त्यानं ५८ ला भागा. उत्तर येतं ३४ लिटर. आतून ४२ × ३२ × २६ सेंटिमीटरचा डबा जवळपास ३५ लिटरचा होतो. स्पीकरचा मागचा भाग आणि आतली आधाराची पट्टी मिळून एक लिटर खातात. राहिले ३४. लांबी, रुंदी, खोली मुद्दाम वेगवेगळी ठेवली. सगळ्या बाजू सारख्या असत्या तर आतले पडसाद एकाच सुरावर साचले असते.

याला जुगाड म्हणायचं?

हे गणित भाच्याचं नाही, हेही सांगतो. स्पीकरचे डबे पूर्वी जगभर बरेचसे अंदाजानं आणि करून-बघून बनत. १९६१ मध्ये नेव्हिल थीले या ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं खिडकी ठेवलेल्या डब्यांचं गणित मांडलेला निबंध ऑस्ट्रेलियातच प्रसिद्ध केला. जगाचं लक्ष त्याकडं खऱ्या अर्थानं गेलं ते १९७१ मध्ये, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो पुन्हा छापला गेला तेव्हा. पुढं रिचर्ड स्मॉल यांनी बंद डब्यांसह ते काम वाढवलं आणि आज ही मापं 'थीले-स्मॉल' म्हणून ओळखली जातात. दहा वर्षं एक ज्ञान जवळपास पडून होतं, कारण ते बड्या बाजारपेठेपासून दूर छापलं गेलं. मग जे कधी छापलंच गेलं नाही, त्याचं काय होत असेल?

इथं मला दुल्हेभाईंविषयी बोलायचं आहे. भाच्याचे अब्बा, माझ्या आपाचे शौहर. तीस वर्षं सुतारकाम करतात. करवत मशीननं डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक नेलेलं आहे. मुलानं प्लायवूड घरी आणला तेव्हा ते चिडले. "मेरी उंगली गयी इसमें. तू कलम पकड." मुलगा डिप्लोमा करतोय, त्यानं पुन्हा लाकडाच्या भुशात बसावं, हे त्यांना सोसेना. दोन आठवडे त्यांनी त्या कोपऱ्याकडं पाहिलं नाही.

मुलानं एकट्यानं पहिला सांधा जोडला. तो गुण्यात नव्हता, एका टोकाला कागद सरकेल एवढी फट होती. ती बघून दुल्हेभाईंना राहवलं नाही. त्यांनी प्लायवर बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत एक जागा दाखवली आणि म्हणाले, "इथं आतला थर पोकळ आहे. ही बाजू घेऊ नकोस, खर्र वाजेल." भाच्याच्या वहीत हे कुठंच नव्हतं. मग त्यांनी समोरासमोरच्या फळ्या मशीनची एकच सेटिंग ठेवून कापल्या, खाच पाडली, फेव्हिकॉल भरून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवलं. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पडदा दोन्ही हातांनी अलगद आत दाबून सोडला. तो सावकाश परत आला. हवा गळत असती तर टुणकन उडाला असता. तरी त्यांनी सांध्यांजवळ उदबत्ती फिरवून धूर हलतो का पाहिलं. मागच्या जॅकपाशी हलला. तिथं सीलंट भरलं.

मला सांगा, बोटाच्या पेरानं प्लायची पोकळी ओळखणं हे ज्ञान आहे की नाही? आहे. पण त्याला नाव नाही, सूत्र नाही, ते कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून बिलात ते 'मजुरी' या एका शब्दात संपतं. तेच काम कंपनीत झालं तर 'डिझाइन', प्रदर्शनात मांडलं तर 'कला', आमच्या मोहल्ल्यात झालं तर 'जुगाड'. काम तेच, माणूस बदलला की शब्द बदलतो आणि शब्दाबरोबर दरही बदलतो.

मिरजेत हे सांगायला लांब जायला नको. सतारमेकरांची घराणी तिथंच आहेत. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरा घडवायला घेतला, आणि अब्दुल करीम खाँसारखे गवई ज्या गावात राहिले त्या गावाची वाद्यं देशभर गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेही भोपळ्यावर बोटानं ठोकूनच पारख करतात. फरक एवढाच की तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे आणि स्पीकरचा डबा मुका राहिला पाहिजे. एकाला सूर वाढवायचा असतो, दुसऱ्याला त्यात स्वतःचं काही मिसळू द्यायचं नसतं. पण लाकडाचा आवाज ओळखणारा कान दोन्हीकडं एकच. सतारमेकरांना मान मिळायला पिढ्या लागल्या. सुताराला तो अजून मिळायचाय.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, तयार विकत घ्या. ज्याला परवडतं आणि ज्याला स्टेजवर न्यायचं आहे, त्यानं जरूर घ्यावं. हा डबा स्टेजसाठी नाहीच. भाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, त्यातून कॉलेजची फी निघते. बोलावणं टिकवायचं तर रोज रियाज हवा. रियाजाला असा स्पीकर हवा जो कमी आवाजात चूक लपवणार नाही. तार नीट दाबली नाही, बोट उशिरा उचललं, हे 'बूम' करणाऱ्या डब्यात ऐकूच येत नाही. दुसरे म्हणतील, हेडफोन लावा. रात्री दहानंतर तो हेडफोनच लावतो, शेजाऱ्यांचा हक्क त्याला ठाऊक आहे. पण ढोलकवाला शेजारी बसला की हेडफोनचा उपयोग नाही.

हा डबा परिपूर्ण आहे असंही नाही. ७४ च्या खाली त्याचा आवाज उतरत जातो, म्हणजे 'ई' तारेचा ४१ चा मूळ सूर दबकाच येतो. कान वरच्या ८२ आणि १२३ च्या स्वरांवरून तो मनात पुरा करून घेतो. भाच्याला हे वाजवण्याआधी ठाऊक होतं, कारण ते वहीत होतं. आपल्या वस्तूची मर्यादा आकड्यात सांगता येणं, हाच जुगाड आणि हिशेब यांतला फरक.

माझा राग आपल्यावरच आहे. 'आपली पोरं हुनरमंद आहेत' असं आपण प्रत्येक सत्कारात बोलतो. गॅरेज, वायरिंग, फर्निचर, वेल्डिंग, सगळीकडं आपले हात. पण त्या हातांचं ज्ञान आपण लिहून ठेवत नाही आणि शिकलेल्या पोरांना त्या हातांपासून लांब ठेवणं यालाच तरक्की समजतो. बाप पोराला करवतीपासून वाचवतो, पोरगं बापाला सूत्रांपासून वाचवतं. दोघांचं अर्धं-अर्धं वाया जातं. मिरजेच्या त्या कोपऱ्यात दोन अर्धं एका डब्यासाठी जुळली, तेही एका फटीमुळं.

म्हणून ज्यांच्या घरात असे हात आहेत त्यांना सांगतो. जे कराल त्याची मापं लिहा. काय चुकलं तेही लिहा. कारखान्यातल्या पोराला कापायला लावाल तसं मोजायलाही लावा. बिलात मजुरीबरोबर आखणीचे पैसे वेगळे लावा. गिऱ्हाईक हुज्जत घालेल, घालू द्या. आणि शिकलेल्यांनो, महिन्यातून एक दिवस बापाच्या नाहीतर चाचाच्या दुकानात वही घेऊन बसा.

भाच्यानं वहीच्या शेवटच्या पानावर सगळी मापं पुन्हा उतरवली आहेत. खाली एक ओळ आहे, 'प्लाय ठोकून बघणे, पोकळ बाजू टाळणे, अब्बा'. ते पान मी त्याला ग्रुपवर टाकायला लावलं. त्यावर अजून कुणी अंगठा दाखवलेला नाही. पण यापुढं कुणी त्या डब्याला जुगाड म्हटलं, तर त्याला एवढंच विचारायचं ठरवलंय: सांग बरं, किती लिटर?